दुकान कोणाचे, ग्राहक कोणाचा?

स्वतंत्रपणे आज्ञावली लिहिणाऱ्या विकसकापुढे विक्रीच्या दोन वाटा असतात : ॲप स्टोअर किंवा स्वतःचे संकेतस्थळ. ॲपलने जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडले, तेव्हा अडत ३० टक्के ठरली. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्यांना २०२१ पासून ती १५ टक्क्यांवर मिळू लागली. त्या मोबदल्यात वसुली आणि अनेक देशांतील करभरणा दुकान सांभाळते.

परंतु खरी किंमत अडतीपलीकडची आहे. नेदरलँड्समधील ‘स्केच’ या आरेखनाच्या ॲपने डिसेंबर २०१५ मध्ये मॅकचे ॲप स्टोअर सोडले. नव्या आवृत्तीच्या तपासणीत किमान आठवडा जाई. जुन्या ग्राहकाला ती सवलतीत देण्याची सोयही नव्हती. शिवाय स्टोअरमधून खरेदी करणाऱ्याचे नाव-पत्ता विकसकाला कळत नाही.

थेट विक्रीत खातेवही आपली, तशीच जाहिरात, परतावा आणि करविवरणाची जबाबदारीही आपलीच. मॅकवर निदान ही निवड आहे. आयफोनवर बहुतेक देशांत तीही नाही. म्हणून लहान विकसकाने टक्केवारीबरोबर आणखी एक हिशेब मांडावा : उद्या दुकानाचे दार बंद झाले, तर आपल्या ग्राहकापर्यंत पोहोचण्याची वाट आपल्यापाशी उरेल काय?