हमालाचा मालक कोण?

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडाव्यासारख्या गावात धान्याची पोती वाहणारा हमाल सकाळी एका व्यापाऱ्याकडे, तर दुपारी दुसऱ्याकडे असतो. पाय मोडला तर प्रत्येकजण म्हणतो, "तो आमचा नोकर नव्हे."

हा पेच अमेरिकेतही आहे. तेथील १९३८ च्या कायद्याने आठवड्यात ४० तासांपुढील कामाला दीडपट मजुरी मिळते. पण ती नोकर ठरलेल्यालाच. स्वतंत्र ठेकेदार ठरलेला कोरडाच राहतो.

महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने यावर तोड काढली. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून आलेल्या या कायद्यानुसार मालक व हमाल दोघांचीही मंडळाकडे नोंदणी होते. मालक मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरतो. मंडळ हमालाला मजुरी देते. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार भागविते. मालक दहा असले तरी हिशेब एकच.

मात्र नोंद नसेल तर हे सारे कागदावरच. म्हणून हमाल बांधवांनी नोंदणी करून घ्यावी आणि व्यापारी बांधवांनी लेव्हीला भुर्दंड समजू नये, असे आम्हास वाटते. ज्याच्या पाठीवर आपला माल चढतो, त्याचे नाव वहीत असलेच पाहिजे.