वाहत्या प्रवाहातील पेशी

पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी घागरीत भरून ठेवले, की रात्रीत गाळ तळाशी बसतो. वाहत्या नदीत मात्र तोच गाळ कोसच्या कोस पुढे जातो. गोष्ट साधी, पण प्रयोगशाळेत ती विसरली तर फसगत होते. कशी, ते पाहू.

मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपला केसच मुळी सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड! साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या कणांना नॅनोकण म्हणतात. चरबीच्या अशा इवल्या पुटिकांत भरलेल्या कर्करोगावरील एका औषधाला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. धुरातही असे कण असतात. पेशी त्यांना गिळते का, आणि गिळल्यास तिला अपाय होतो का, हे कळायलाच हवे.

नेहमीची रीत अशी : बशीत पेशी वाढवायच्या, वर कण मिसळलेला द्रव ओतायचा आणि वाट पाहायची. पण इथे आपली घागर आठवा. जड कण खाली, थेट पेशींच्या अंगावर बसतात. २०११ साली अमेरिकेत संशोधकांनी सोन्याचे कण घेऊन पेशी चक्क उलट्या ठेवून पाहिल्या. पेशी तळाशी असताना जड कण जास्त गिळले गेले. वर, पालथ्या असताना कमी. पेशी त्याच, कण तेच! मग बशीतल्या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा?

यावर तोड म्हणजे सूक्ष्मप्रवाहतंत्र. पारदर्शक सिलिकॉन रबराच्या लहानशा तुकड्यात केसासारख्या बारीक वाटा साच्याने पाडतात. आत पेशी वाढवून त्यांच्यावरून द्रव वाहू देतात. एवढ्या अरुंद वाटेत पाण्याला भोवरे पडत नाहीत. थर शिस्तीने सरकतात. त्यामुळे पेशींवरून द्रव किती वेगाने जावा, हे आपल्या हाती राहते.

२०१० साली हार्वर्डच्या डोनाल्ड इंगबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तुकड्यात फुप्फुसाची नक्कल उभी केली. मध्ये सच्छिद्र पातळ पडदा. एका अंगाला फुप्फुसाच्या पेशी व हवा, दुसऱ्या अंगाला रक्तवाहिनीच्या पेशी व वाहता द्रव. बाजूच्या पोकळ्यांतली हवा ओढली, की पडदा श्वासासारखा ताणला जाई. त्यांनी १२ नॅनोमीटरचे सिलिकाकण सोडले. पडदा स्थिर असताना परिणाम बेताचा होता. ‘श्वास’ सुरू करताच पेशी जास्त कण घेऊ लागल्या, त्यांचा दाह वाढला, आणि कण पलीकडच्या ‘रक्तात’ही अधिक उतरले. उंदराच्या फुप्फुसातही श्वासाचा असाच परिणाम दिसला.

म्हणजे स्थिर पेशींनी निर्धोक ठरवलेला कण श्वास घेणाऱ्या माणसाला बाधू शकतो, बरं का! रबराचा तुकडा काही सबंध शरीर नव्हे. यकृत, मूत्रपिंड, रोगाशी झुंजणारी सारी यंत्रणा त्यात कुठली? तरीही त्याने एक धडा दिला. जी पेशी हालचालीत जगते, तिची परीक्षाही हालचालीतच घ्यायला हवी.