नाइट शिफ्ट सांभाळून २३० किलोमीटर सायकल: मदतनिधीच्या राइडची तयारी कशी करायची?

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो: 'आषाढीच्या आधी पिंपरी-चिंचवड ते पंढरपूर सायकल राइड. मुलांच्या शिक्षणासाठी निधी गोळा करायचाय. कोण कोण येणार?' उत्साहात आपण नाव देतो. मग रात्री मॅप उघडून बघतो आणि अंतर दिसतं: साधारण २३० किलोमीटर.

आळंदी आणि देहूहून निघालेल्या पालख्या पंढरपूरला पोचायला अडीच-तीन आठवडे घेतात. सायकलवर आपल्याला ते एका दिवसात गाठायचंय. जमेल का?

जमतं. पिंपरी-चिंचवडच्या इंडो ॲथलेटिक सोसायटीच्या पंढरपूर सायकल वारीत नोकरी-धंदा करणारी साधी माणसंच असतात. पण त्यासाठी साधारण १२ आठवडे हाताशी हवेत.

वेग किती लागतो?

वाटतो तेवढा नाही. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइडमध्ये २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटर. पंढरपूरचं गणितही तसंच आहे. ताशी २० ने चालवलं तर साडेअकरा तास सायकलवर, वर दोन-तीन तास चहा, जेवण आणि पंक्चर. पहाटे ४ ला निघालात तर संध्याकाळी ७ पर्यंत पोचता.

म्हणजे कस लागतो तो एवढा वेळ सीटवर बसून राहण्याचा. त्याची सवय हळूहळूच लागते.

१२ आठवड्यांचं गणित

आठवड्यात दोन दिवस तासाभराची राइड आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब राइड. अधूनमधून सायकल चालवणाऱ्यांसाठी लांब राइडचे आकडे साधारण असे ठेवता येतात:

- आठवडा १ ते ३: ४०, ५५, ७० किमी
- आठवडा ४: ४५ किमी (मुद्दाम कमी)
- आठवडा ५ ते ७: ८०, ९५, ११० किमी
- आठवडा ८: ७० किमी (पुन्हा कमी)
- आठवडा ९ आणि १०: १२५, १४० किमी
- आठवडा ११: ८० किमी
- आठवडा १२: दोन छोट्या राइड, मग पंढरपूर

मधले हलके आठवडे गाळू नका. व्यायामात स्नायूंवर ताण येतो आणि ते मजबूत होतात विश्रांतीत. दम लवकर वाढतो, पण गुडघ्याच्या शिरा आणि सांधे सावकाश तयार होतात. म्हणूनच 'आता मस्त जमतंय' म्हणून एकदम अंतर वाढवणाऱ्याचा गुडघा सहाव्या-सातव्या आठवड्यात बोलायला लागतो.

परतही सायकलवरच यायचं असेल, तर १४० च्या दुसऱ्या दिवशी ४० किलोमीटर सावकाश मारून बघा.

शिफ्ट ड्युटीवाल्यांनी काय करायचं?

चाकण-भोसरीत काम करणाऱ्यांची खरी अडचण इथे आहे. शिफ्ट बदलली की झोप बदलते, जेवण बदलतं.

फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात छोट्या राइड संध्याकाळी करा, सेकंडच्या आठवड्यात सकाळी. नाइटचा आठवडा हाच तुमचा हलका आठवडा समजा आणि वरचा तक्ता त्याप्रमाणे पुढे-मागे सरकवा. नाइट संपवून थेट सायकलवर बसू नका. जागरणानंतर ब्रेक दाबायला लागणारा क्षण वाढतो, आणि चाकणच्या रस्त्यावर तो क्षण महागात पडतो. आधी झोप.

सराव कुठे?

चाकण-तळेगाव रस्ता आणि नाशिक हायवेवर कंटेनर-ट्रेलरची रांग असते. उंच केबिनमधल्या ड्रायव्हरला डाव्या बाजूला अगदी खेटून असलेला सायकलवाला दिसत नाही. त्यामुळे ट्रेलरच्या डावीकडून पुढे घुसायचं नाही. तो वळणार असेल तर मागेच थांबायचं.

लांब राइडसाठी निगडीहून जुन्या हायवेने देहूरोड, तळेगाव, कामशेत करत लोणावळा गाठता येतं. जाऊन-येऊन सुमारे ८० किलोमीटर. एक्स्प्रेस वेवर सायकलला बंदी आहे. उजाडायच्या आत निघा. हेल्मेट, पुढे-मागे लाइट आणि चमकणारं जॅकेट हवंच.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो. लोणावळ्याला जाताना तो अंगावर येतो आणि परतताना पाठीवर. पंढरपूरला नेमकं उलटं होतं. जाताना इंदापूर-टेंभुर्णीपर्यंत वारा ढकलत नेतो, येताना घाम काढतो. परतीसाठी जास्त वेळ धरा.

खायचं काय?

शरीरातला साखरेचा साठा जोरात चालवल्यास साधारण दोन तासांत आटतो. मग पाय जड होतात, डोकं गरगरतं. म्हणून भूक लागायची वाट न बघता दर तासाला थोडं खा. दोन केळी किंवा केळं आणि राजगिऱ्याचा लाडू पुरतो. तहानेप्रमाणे पाणी प्या, पण घाम भरपूर येत असेल तर त्यात मीठ-साखर-लिंबू घाला. नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं.

जे राइडच्या दिवशी खाणार, ते सरावात आधी खाऊन बघा. शॉर्ट आणि बूटही त्या दिवशी नवे नकोत. पॅडल सर्वात खाली असताना त्यावर टाच टेकवा. पाय सरळ झाला तर सीटची उंची बरोबर आहे.

आणि निधीचं काय?

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका'त साधारण ४,८०० किलोमीटर अंतर नऊ दिवसांच्या आत पार करून आले. आदिवासींच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी मदत उभी करणं हा त्यांच्या राइडमागचा हेतू होता.

आपली राइड छोटी असली तरी हिशोब चोख हवा. पैसे स्वतःच्या यूपीआयवर न घेता थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या आणि देणाऱ्याला संस्थेची पावती मिळू द्या.

'किलोमीटरमागे १० रुपये' असा करार मात्र शक्यतो टाळा. १६० व्या किलोमीटरला गुडघा दुखायला लागला की उरलेले ७०० रुपये डोळ्यांसमोर येतात आणि माणूस थांबत नाही. राइड पूर्ण होवो न होवो, पैसे संस्थेला मिळणार, हे आधीच ठरवा.

छातीत दुखलं, चक्कर आली किंवा सांधा धरला तर सायकल सरळ मदतीच्या टेम्पोत चढवा. चाळिशी ओलांडली असेल किंवा बीपी-शुगर असेल, तर पहिल्या आठवड्याआधीच डॉक्टरांना भेटा. देणगी देणाऱ्यांनी पैसे मुलांच्या शाळेसाठी दिलेत, आणि तुम्ही टेम्पोतून पोचलात तरी ते शाळेलाच जाणार आहेत.