दहा वर्षांचा कुत्रा दत्तक घ्यायचा म्हणजे नेमकं काय?

प्राण्यांच्या कुठल्याही निवारागृहात जा, गर्दी पिल्लांपुढे असते. कोपऱ्यात पांढऱ्या तोंडाचा एखादा लॅब्रेडॉर पडलेला असतो. त्याच्याबद्दल लोक एकच प्रश्न विचारतात, "हा अजून किती दिवस?" आम्हीही तोच विचारला होता. तरी शेरू घरी आला आणि चौदा महिन्यांनी गेला. त्याला आणण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं, असं वाटलेल्या काही गोष्टी इथे सांगतोय.

शेरूच्या कागदावर वय लिहिलं होतं 'अंदाजे १०'. जन्मतारीख माहीत नसेल तर डॉक्टर दातांची झीज, तोंडावरचे पांढरे केस आणि डोळे बघून अंदाज बांधतात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत निळसर झाक दिसते. तो दरवेळी मोतीबिंदू नसतो. वयाने भिंग घट्ट होतं, पण दिसत बऱ्यापैकी असतं. कुत्र्याचं वय सातने गुणायचं, हा हिशेबही फारसा खरा नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये लॅब्रेडॉरच्या डीएनएवरून एक सूत्र मांडलं. त्यानुसार एक वर्षाचा कुत्रा माणसाच्या तिशीत असतो आणि दहा वर्षांचा साधारण ६८ वर्षांचा.

या वयाचे कुत्रे रस्त्यावर येतात कसे? मालक वारतो, बदली होते, मुलं परदेशी जातात, औषधांचा खर्च झेपत नाही. पिल्लं विकण्यासाठी वापरलेली मादी थकली की सोडून दिली जाते. प्राण्याला उपाशी-तहानलेलं राहावं लागेल अशा अवस्थेत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड? १० ते ५० रुपये. छापण्यातली चूक नाही, कायद्यात तेवढाच लिहिलाय.

घरी आल्यावर पहिलं काम

रक्त आणि लघवीची तपासणी. हे ठळक अक्षरांत लिहावंसं वाटतं, कारण आम्ही ती लांबवली. शेरू दिवसातून तीन-चार वेळा पाण्याचं भांडं रिकामं करायचा. मे महिना होता, आम्हाला वाटलं, चांगलं पाणी पितोय. खूप पाणी पिणं आणि खूप लघवी होणं हे मूत्रपिंड थकल्याचं लक्षण असू शकतं. शिवाय रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं, तोवर मूत्रपिंडाची साधारण तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते. पुढे उरतो तो कमी फॉस्फरसचा आहार, गरजेप्रमाणे सलाइन आणि डॉक्टरांच्या फेऱ्या. नसबंदी न झालेल्या मादीत तीच लक्षणं गर्भाशयात पू झाल्याचीही असतात, तिथे एक दिवसही थांबू नये.

लंगडतोय म्हणून घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यापेक्षा आधी फरशी बघा. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर संधिवाताचे पाय घसरतात. शेरू दोन जुन्या सतरंज्या अंथरल्यावर पहिल्यांदा स्वतःहून स्वयंपाकघरापर्यंत आला.

थांबायचं कधी?

अमेरिकी पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी त्यासाठी सात निकष दिलेत. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर त्याचं जगणं अजून बरं चाललंय. आमच्याकडे आई कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी आकडा लिहायची. शेवटच्या आठवड्यात तिने लिहिणं सोडलं.

पाळीव प्राण्याला दयामरण देणं भारतात कायदेशीर आहे, मात्र ते नोंदणीकृत पशुवैद्यकानेच द्यायचं. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखाही वाटतो. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर आपण घाईच केली की काय, असं वाटत राहतं.

अंत्यसंस्कारांची चौकशीही आधीच करून ठेवा. मुंबईत महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला पाइप गॅसवर चालणारी प्राण्यांची दहनवाहिनी सुरू केली. सगळ्या गावांत अशी सोय नाही.

माणूस गेला की शेजारचे पिठलं-भात आणतात. कुत्रा गेल्यावर "दुसरा आणा" असं सांगतात. समाज ज्याला दुःख मानत नाही अशा दुःखासाठी अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये स्वतंत्र संज्ञाच मांडली होती. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोट बिघडल्याचं सांगून सुट्टी घेतली.

उरलेलं खाद्य आणि एक सतरंजी आम्ही त्याच निवारागृहात नेऊन दिली. दुसरी अजून घरीच आहे.