मोहोर मोजू नका, कणी मोजा: एका थंड वर्षाने शिकवलेलं ॲडव्हान्स बुकिंग



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण सीझनल धंद्यातलं ॲडव्हान्स बुकिंग बघितलं. पण मी तो नियम कुठून शिकले, ते सांगायचं राहूनच गेलं. ती गोष्ट इथे आकड्यांसकट लिहिते. तुमचा धंदा आंब्याचा नसला तरी वाचा. काजू, कोकम, मध, स्ट्रॉबेरी, द्राक्षं, जे जे झाडावर येतं आणि हवामानावर चालतं, त्या सगळ्याला हे लागू आहे.

आमच्याकडे बर्फ नाही, पण थंडी आहे

रत्नागिरीत बर्फ कधी पडत नाही. पण उत्तरेत हिमालयात बर्फ पडतो, तिकडून थंड वारे खाली सरकतात आणि आमच्याकडे रात्रीचा पारा उतरतो. सिमल्याच्या सफरचंदवाल्याला ही थंडी हवीच असते. तिथल्या जुन्या जातींना 7 अंशांखालचे हजारेक तास मिळाले नाहीत तर झाड नीट फुलतच नाही. निफाडच्या द्राक्षवाल्याला तीच थंडी नको असते. पारा फारच उतरला की मणी तडकतात. मग लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकचं पाणी सोडतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं ना, म्हणून.

हापूसचं गणित या दोघांच्या मधलं आहे. थंडी नसेल तर मोहोर नाही, आणि थंडी लांबली तर फळ नाही. यातला पहिला भाग रत्नागिरीतलं शेंबडं पोरही सांगेल. दुसरा भाग मला माहीत नव्हता, आणि तो शिकायला पैसे मोजावे लागले.

माझी चूक, आकड्यांत

दुकानाचा तिसरा सीझन होता. डिसेंबरात मस्त थंडी पडली. पावसपासून जयगडपर्यंत कुठेही जा, झाडं मोहोराने भरलेली. पान दिसेना! मी फोटो काढले, ग्रुपवर टाकले, "यंदा भरपूर आंबा" म्हणून बुकिंग सुरू केलं. अक्षय्य तृतीयेच्या आत डिलिव्हरी, पेटीमागे 500 रुपये ॲडव्हान्स. महिनाभरात 180 पेट्या बुक झाल्या आणि हातात 90,000 रुपये आले. बीबीएला फोरकास्टिंगचा आख्खा पेपर दिला होता मी. वाटलं, जमलं आपल्याला.

त्यातले 60,000 मी दोन बागायतदारांना उचल म्हणून दिले. बाकीचे खोके, पेंढा आणि छपाईत गेले.

थंडी मात्र थांबली नाही. जानेवारी संपला, फेब्रुवारी आला, तरी रात्री गोधडी लागत होती. झाडांना पुन्हा मोहोर आला. मी खूश! म्हटलं, डबल आंबा. पण दहा-बारा दिवसांत पहिल्या मोहोराला धरलेली बारीक फळं गळायला लागली. बागेत गेले तर पायाखाली नुसता सडा.

शेवटी हिशोब असा लागला. 180 पैकी 64 पेट्या वेळेत गेल्या. 116 राहिल्या. त्यातल्या 71 गिऱ्हाइकांनी पैसे परत मागितले, 45 जण थांबले. थांबलेल्यांपैकी 38 जणांना मे अखेरपर्यंत आंबा मिळाला, 7 जणांना जूनमध्ये हात जोडून ॲडव्हान्स परत केला. म्हणजे एकूण 78 पेट्यांचे 39,000 रुपये मी परत दिले, आणि ते माझ्याकडे नव्हतेच! काजूवाल्याचं बिल दोन महिने थकवून दिले. त्या काजूवाल्याने पुढचं वर्षभर मला रोखीशिवाय माल दिला नाही. त्याचं काही चुकलं नाही.

मधल्या काळात एक व्यापारी दुकानात आला होता. म्हणाला, "ताई, एवढं टेन्शन कशाला? बाहेरच्या राज्यातला आंबा देतो, दिसायला सेम. तुमच्या खोक्यात भरा." खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही. खोके छापून पडले होते, गिऱ्हाइकांचे फोन चालू होते. पण हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांबाहेरच्या आंब्यावर हे नाव लावणं म्हणजे फसवणूक. कायदा बाजूला ठेवा, पण एका गिऱ्हाइकाने जरी पेटी उघडून ओळखलं असतं तरी माझं दुकान संपलं असतं. मी नाही म्हटलं. त्या वर्षी घेतलेला तेवढा एकच निर्णय बरोबर होता.

ओटीवरची बैठक

जूनमध्ये पाऊस लागल्यावर पावसजवळच्या एका काकांच्या ओटीवर पाच बागायतदार बसले होते. मी उचलीचा हिशोब करायला गेले होते, पण चहा झाला आणि बोलणं थंडीवर गेलं. कोणाकडे काय झालं, हे प्रत्येक जण सांगायला लागला. मी खिशातली वही काढली. त्या दोन तासांत जे शिकले ते असं.

जयगडकडच्या दादांची बाग खाडीच्या तोंडाशी, कातळावर. समुद्र जवळ असला की रात्र फार गार होत नाही. त्यांचा पहिला मोहोर बऱ्यापैकी टिकला. माझ्या 64 पेट्यांतल्या बहुतेक त्यांच्याच होत्या.

संगमेश्वरकडच्या काकांची बाग नदीच्या खोऱ्यात. गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली येऊन खोऱ्यात साचते. त्यांच्याकडे सगळ्यात जास्त पुनर्मोहोर आला आणि सगळ्यात जास्त फळगळ झाली. झाडातलं अन्न नव्या मोहोराकडे वळलं, की आधीची कणी उपाशी राहते आणि गळते.

लांज्याच्या दादांकडे दुसरीच तऱ्हा. मोहोर भरघोस, पण फळ धरलंच नाही. हापूसच्या मोहोरात बहुतेक फुलं नर असतात, फळ धरणारी संयुक्त फुलं थोडीच. थंडीत ती आणखी कमी होतात. वर गारठ्यात माश्या-मधमाश्या फिरत नाहीत, मग परागीभवन कोण करणार? लांबून झाड सोन्यासारखं दिसतं, आणि जवळ जाऊन बघावं तर दांडे रिकामे.

राजापूरच्या काकांनी पहिला मोहोर फुलल्यावर जिब्रेलिक ॲसिडची फवारणी केली होती. 50 पीपीएम म्हणजे 20 लिटर पाण्यात 1 ग्रॅम. पुनर्मोहोर रोखायला दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची ही शिफारस आहे. त्यांच्याकडे दुसरा मोहोर कमी आला. हे वाचून लगेच पंप उचलू नका हं. वेळ चुकली तर खर्च वाया जातो, आधी कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

पावसच्या काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "अगं, तू मोहोर बघून पैसे घेतलेस, इथेच चुकलीस. मोहोर मोजू नकोस, कणी मोज. आणि कणीसुद्धा सुपारीएवढी झाल्याशिवाय आपली म्हणू नकोस."

म्हणजे थंडी एकच, पण पाच बागांत पाच निकाल. सीझनच्या आधी मी या पाच जणांशी बोलले असते तर 180 चा आकडा तोंडातून निघालाच नसता. मी बोलले फक्त माझ्या दोघांशी, आणि त्या दोघांना उचल हवी होती. ते "आंबा कमी आहे" कशाला म्हणतील?

आता मी काय करते

1. थंडीची वही. दुकानात एक साधा कमाल-किमान थर्मामीटर आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी रोज सकाळी किमान तापमान लिहिते. दर रविवारी पाच बागांत फोन. प्रश्न ठरलेले चार: मोहोर किती झाडांना, पहिला की दुसरा, कणी केवढी, तुडतुडे-फुलकिडे-भुरी किती. एका फोनला पाच मिनिटं लागतात. तीन वर्षांच्या नोंदी साठल्या की तुम्हाला कोणत्याही व्यापाऱ्यापेक्षा जास्त कळायला लागतं.

2. तारखेचं गणित. मोहोरापासून तयार आंब्यापर्यंत साधारण साडेतीन ते चार महिने लागतात. 15 डिसेंबरचा मोहोर टिकला तर आंबा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात. 15 फेब्रुवारीचा पुनर्मोहोर मोजा: मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. उन्हाने थोडं लवकर होईल, पण गाठ वळवाच्या पावसाशी आहे. म्हणून "दुसरा मोहोर आलाय" ही गिऱ्हाइकासाठी चांगली बातमी नाही. तो आंबा उशिराचा. त्यातला मोठा हिस्सा कॅनिंगला किलोवर जातो आणि पेटीचा भाव मिळत नाही.

3. तीन पायऱ्यांचं बुकिंग. मोहोर दिसला की फक्त नाव लिहून घेते, पैसे नाही. फळ सुपारीएवढं झालं की पाचही बागांचा अंदाज घेते, आणि ते सांगतील त्याच्या निम्म्याच पेट्यांवर ॲडव्हान्स. फळ अंड्याएवढं झालं की उरलेल्यातल्या थोड्या. "अमुक तारखेला देते" असं आता सांगत नाही. तीन खिडक्या आहेत: एप्रिल, मेचा पहिला पंधरवडा, मेचा दुसरा पंधरवडा. गिऱ्हाइकाने खिडकी निवडायची.

4. ॲडव्हान्सला हात नाही. गिऱ्हाइकाचं ॲडव्हान्स वेगळ्या खात्यात राहतं. पेटी हातात पडली की त्या पेटीचे पैसे माझे, तोपर्यंत ते त्यांचेच. उचल द्यायची तर स्वतःच्या भांडवलातून. हे जमत नसेल तर उचल देऊ नका, धंदा छोटा ठेवा.

5. बागा पसरलेल्या. दोन समुद्रालगतच्या, दोन आतल्या, एक राजापूर बाजूची. थंडी जास्त झाली तर किनारा हात देतो. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं तेव्हा उलट झालं, किनाऱ्यावरच्या बागांत आंब्याचा खच पडला. सगळा माल एका ठिकाणाहून घेणं स्वस्त पडतं, पण ज्या वर्षी ती बाग जाते त्या वर्षी तुम्हीही जाता.

6. विमा कोणाचा ते समजून घ्या. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत आंब्याला अवेळी पाऊस, जास्त तापमान, वारा यांच्यासोबत कमी तापमानाचा धोकाही धरलेला आहे. पण तो विमा बागायतदाराचा. तुम्ही नुसता माल घेऊन विकत असाल तर तुम्हाला त्यातलं काही मिळत नाही. तुमचा विमा म्हणजे वरचे पाच मुद्दे.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

बरेच जण विचारतात, "मॅडम, थंडीने आंबा गळला हे गिऱ्हाइकाला सांगितलं तर ते दुसरीकडे जाणार नाहीत का?" काही जातात. पण ते 45 जण आठवा, जे थांबले होते. त्यांना मी दर आठवड्याला बागेचा खरा फोटो पाठवत होते, गळलेल्या फळांचासुद्धा. त्यातले बरेच जण आजही माझ्याकडून पेटी घेतात. पैसे परत घेतलेल्यांपैकीही काही जण परत आले, कारण त्यांचे 500 रुपये मागितल्या दिवशी मिळाले होते. परत न आलेले जे आहेत, त्यांना मी दर सीझनला एक मेसेज करते. उत्तर येत नाही. ते माझ्या चुकीचं व्याज आहे, भरत राहायचं.

या आठवड्याचं काम

वहीच्या पहिल्या पानावर लिहा: माझ्या धंद्यातला "मोहोर" कोणता आणि "कणी" कोणती? इन्स्टावरचे लाइक हा मोहोर, आलेली ऑर्डर ही कणी. प्रदर्शनात "छान आहे, नक्की घेऊ" म्हणणारी गर्दी हा मोहोर, दुसऱ्यांदा आलेलं गिऱ्हाईक ही कणी. मग बघा, आत्ता तुम्ही पैसे कशाच्या भरवशावर खर्च करताय.

आणि तुमच्या मालाची पाच माणसं शोधा, जी पाच वेगळ्या जागी बसून तोच माल पिकवतात किंवा बनवतात. सीझन संपल्यावर नाही, सुरू व्हायच्या आधी त्यांच्याकडे जा. चहा तुम्ही न्या.

पुढच्या व्हिडिओत उचल आणि करार यावर बोलू. तोपर्यंत वही सुरू करा!