तिच्या नावाने संशोधन

तुम्ही खिदिरपूरला राहा की कोल्हापूरला, घरातलं माणूस कॅन्सरने गेलं की दरवर्षी त्या तारखेला मन जड होतंच. फोटोला हार घालतो, गोडाचं जेवण करतो, थोडं दान देतो. पण हेच दान त्या आजारावर उपाय शोधणाऱ्यांना दिलं तर?

सर दोराबजी टाटांनी तेच केलं. त्यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पैसा भरपूर होता, पण तेव्हा या आजारावर गुण देणारं औषधच नव्हतं. पुढच्याच वर्षी दोराबजींनी ‘लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट’ स्थापन केला. त्याच वर्षी तेही गेले. ट्रस्ट मात्र आजही ल्युकेमियावर काम करणाऱ्या देशोदेशींच्या संशोधकांना मदत करतो. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं, तेही दोराबजींच्याच नावाच्या ट्रस्टमुळे.

आपण टाटा नाही, हे खरं. पण भावंडांनी मिळून थोडे थोडे पैसे काढले तरी सुरुवात होते. कोलकात्यात हाजऱ्याला चित्तरंजन राष्ट्रीय कॅन्सर संस्था आहे. तिथे उपचारांबरोबर संशोधनही चालतं. संस्था कोणतीही निवडा, आधी दोन गोष्टी विचारा: पैसे रुग्णांच्या उपचारांना जाणार की संशोधनाला? आणि पावती मिळेल ना? तुमच्या माणसाच्या स्मरणार्थ देताय, हेही लिहून द्या.

यंदा तिथी जवळ आली की घरात हा विषय नक्की काढा.