देव्हाऱ्यातले पूर्वज

शिमग्याच्या सुट्टीत एकदा मी रूममेटबरोबर त्याच्या गावी, संगमेश्वर तालुक्यात गेलो होतो. खरं सांगायचं तर मेसच्या डाळीपासून चार दिवस सुटका, एवढाच उदात्त हेतू होता! देवळात पालखी सजत होती. मानकऱ्यांनी पेटीतून धातूचे मुखवटे काढले आणि एकेक करून पालखीत बसवले. इथे त्यांना ‘रूपं’ म्हणतात. मी हळूच विचारलं, "हे तुमचे पूर्वज का रे?"

"येडा आहेस काय? ग्रामदेवता आहेत त्या!"

माझा प्रश्न अगदीच येडपट नव्हता. मी घाटावरचा, सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे माणूस गेला की तो चांदीचा होऊन देव्हाऱ्यात बसू शकतो. त्याला टाक म्हणतात.

टाक म्हणजे तळहातावर सहज मावेल एवढा चांदीचा उठावदार पत्रा. त्यावर खंडोबा, भवानी, जोतिबा असे कुलदेव असतात आणि त्यांच्याच रांगेत घरातले पूर्वजही असतात. घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला असेल तो ‘वीर’, म्हणजे बहुधा लढाईत गेलेला कोणी पुरुष. पूर्वज स्त्री असेल तर उभी आकृती. चेहरा हुबेहूब असावा अशी अपेक्षाच नसते, कारण सोनाराकडे ठसा ठरलेला असतो.

मेकॅनिकलवाल्यांनो, इथे लक्ष द्या. ठशात आकृती उलटी आणि खोल कोरलेली असते. त्यावर चांदीचा पातळ पत्रा ठेवायचा, वर शिशाचा तुकडा ठेवायचा आणि हातोडीने ठोकायचं. शिसं मऊ असल्यामुळे ते पत्र्याला न फाडता खोलगट भागात ढकलतं. आपण वर्कशॉपमध्ये पंच आणि डाय शिकतो, तेच हे! फक्त इथे वरचा पंच शिशाचा आणि सर कमी ओरडणारे.

नवरात्रात हे टाक विड्याच्या पानावर बसवतात. घट उठेपर्यंत त्यांना हलवायचं नाही. भाऊ वेगळे झाले की नव्या घरासाठी नवे टाक घडवतात. जेजुरीला जाताना टाक सोबत नेऊन खंडोबाला ‘भेटवून’ आणतात. नाशिकला धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते आणि घराघरातले वीर गोदावरीवर स्नानाला नेतात. थोडक्यात, मेलेला माणूस घर सोडून जात नाही. त्याचा फक्त हुद्दा बदलतो.

चांदीखेरीज दगड आणि लाकूडही होतंच. गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेले वीरगळ आपण सगळ्यांनी पाहिलेत. ते खालून वर वाचायचे असतात. तळाला लढाई आणि मृत्यू, मध्ये अप्सरा वीराला वर नेताना, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करताना. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर चक्क नौकांची लढाई कोरलेली आहे. मेळघाटातले कोरकू मृतासाठी ‘सिडोली’ हा विधी करून कोरीव लाकडी ‘मुंडा’ उभारतात.

जगातही हेच दिसतं. प्राचीन रोममध्ये बड्या घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे घरात जपून ठेवत. कोणी वारलं की तशाच अंगकाठीची माणसं ते मुखवटे घालून अंत्ययात्रेत चालत, असं पॉलिबियस या इतिहासकाराने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात लिहिलंय. म्हणजे नातवाच्या अंत्ययात्रेला खापरपणजोबा हजर! इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर तोराजा लोक मृताची लाकडी प्रतिमा, ‘ताउ-ताउ’, डोंगरकड्यातल्या सज्जात उभी करतात.

आपल्याकडे दहाव्याला पिंड ठेवून सगळे कावळ्याची वाट बघत बसतात. शिवला नाही की "तुमचं अमुक काम आम्ही पुरं करू" असा शब्द देतात. तरीही नाहीच आला, तर दर्भाचा कावळा करून शिववतात. हसू नका. मेलेल्याचं काय राहून गेलं, याचा विचार सगळं घर एकत्र बसून करतं, अशी वेळ एरवी कितीदा येते?

आता मूळ गोष्ट. आमच्या देव्हाऱ्यात अकरा टाक आहेत. पाच देवांचे, सहा माणसांचे. आजी दर नवरात्रात चिंच आणि राखेने ते घासायची आणि घासताना एकेकाची ओळख सांगायची. हा अमक्या लढाईत गेला, ही बाळंतपणात गेली, हा लग्नाआधीच गेला. मी ‘हो हो’ म्हणत मोबाइल बघायचो. माझ्या पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या आधी आजी गेली. पुढच्या नवरात्रात वडिलांनी टाक घासायला घेतले आणि थांबले. सहापैकी दोघांचीच नावं त्यांना ठाऊक होती. इतक्या वर्षांच्या घासण्याने चेहरे तर केव्हाच झिजले होते. आता नावंही गेली.

श्राद्धात नावं घेतात ती तीन पिढ्यांची: पिता, पितामह, प्रपितामह. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहे. म्हणजे तिथी विसरण्याची सोय शास्त्राने केली आहे. पण आजीने सांगितलेली गोष्ट विसरलो, तर त्यावर दर्भाचा कावळा नाही.

आजीचा टाक आम्ही केला. ठसा नेहमीचाच, चेहरा कुणाही बाईचा. पण एका वहीत तिचं नाव, माहेर, तिला आवडायचं ते गाणं, सगळं लिहून ती वही देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आहे. उरलेल्या चौघांसाठी चार पानं कोरी सोडली आहेत.

तुमच्या घरी टाक असतील, नसतील. कोकणात म्हाळाला वाडी ठेवता, तेव्हा ती कोणाकोणासाठी हे घरातल्या थोरांना एकदा विचारा. आणि लिहून घ्या. असाइनमेंट कॉपी करता येते, ही येत नाही!